गॅस गिझर मध्येच विझतो तेव्हा: सुरक्षा स्विच ‘डायरेक्ट’ न करता दोष कसा शोधावा

दर्यापूर तालुक्यातील एका ताईंनी विचारले आहे की, त्यांच्या घरचा सहा लिटरचा गॅस गिझर दोन प्रकारे त्रास देतो. काही दिवशी सकाळी नळ उघडल्यावर ठिणगी पडते, ज्योत पेटते आणि चार-पाच सेकंदांत विझते. ज्या दिवशी ती पेटून राहते, त्या दिवशी पहिल्या माणसाची अंघोळ आटोपून दुसऱ्याची सुरू असताना गिझर आपोआप बंद पडतो आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा नीट चालू लागतो. सेल नवे घातलेले आहेत, पाणी बोअरचे आहे, न्हाणीघर चार बाय सहा फुटांचे आहे आणि थंडी आत येऊ नये म्हणून वरचा झरोका पोत्याने बुजवलेला आहे. गावातील मिस्त्री म्हणतात, ‘सेन्सरच्या दोन वायरी जोडून डायरेक्ट करून देतो, मग बंद पडणार नाही.’ तसे करावे का, आणि करू नये तर दोष कसा शोधावा, असा ताईंचा प्रश्न आहे.

ताई, त्या वायरी जोडू देऊ नका, आणि झरोक्यातले पोते आजच काढा. दोष सापडेपर्यंत गिझर बंद ठेवता आला तर उत्तमच. ते शक्य नसेल, तर न्हाणीघराचे दार सताड उघडे ठेवून बादल्या भरून घ्याव्यात, गिझर व रेग्युलेटर दोन्ही बंद करावेत, काही वेळ हवा खेळू द्यावी आणि मगच दार लावून अंघोळ करावी. गिझर पेटलेला असताना दार लावून कोणीही आत बसू नये, विशेषतः लहान मुले आणि म्हातारी माणसे. हे आधी सांगण्याचे कारण असे की, तुमच्या दोन तक्रारींपैकी दुसरीत मला यंत्राच्या बिघाडापेक्षा खोलीतल्या हवेचा संशय अधिक येतो.

दोष शोधण्यासाठी गिझर पेटताना आत काय काय घडते, तो क्रम समजून घ्यावा लागतो. नळ उघडला की पाणी आतल्या रबरी पडद्याला, म्हणजे डायफ्रॅमला रेटते. त्याला जोडलेली पिन सरकते आणि मायक्रोस्विच जुळतो. त्यामुळे दोन सेलचा मिळून ३ व्होल्टचा वीजदाब सर्किटकडे जातो. सर्किट एकीकडे ठिणगी टाकते आणि दुसरीकडे सोलेनॉइड, म्हणजे विजेने उघडणारा व्हॉल्व्ह उघडून बर्नरला गॅस सोडते. ज्योत पेटली, की बर्नरवर उभी असलेली सेन्सरची काडी त्या ज्योतीतून वाहणारा अतिशय सूक्ष्म, मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा लागणारा प्रवाह ओळखते आणि सर्किटला ‘ज्योत आहे’ अशी खूण देते. ही खूण काही सेकंदांत मिळाली नाही, तर सर्किट व्हॉल्व्ह बंद करते, कारण न पेटलेला गॅस खोलीत साचू देणे धोक्याचे असते. याशिवाय तांब्याच्या कॉइलवर किंवा गरम पाण्याच्या नळीवर एक चपटा तापमान कटऑफ बसवलेला असतो, जो पाणी प्रमाणाबाहेर तापले की तुटतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळतो. बहुतेक मॉडेलांत सलग २० मिनिटे चालल्यावर गिझर बंद करणारा टायमरही असतो, आणि काहींत प्राणवायू कमी झाल्यास ज्योत विझवणारी सोय असते.

या साखळीतली कोणतीही एक कडी तुटली, तरी बाहेरून दिसणारा परिणाम एकच असतो: गिझर बंद. म्हणून ‘बंद पडतो’ एवढ्या माहितीवर सेन्सर बदलणे, मग किट बदलणे, मग व्हॉल्व्ह बदलणे अशी पैशांची नासाडी होते. तो नेमका कोणत्या क्षणी बंद पडला, त्या आधी ज्योतीचे आणि पाण्याचे काय झाले, आणि लगेच नळ बंद करून उघडल्यावर तो काय करतो, या तीन गोष्टी नीट पाहिल्या, तर बराचसा दोष मीटर, म्हणजे वीजदाब मोजायचा मल्टिमीटर न लावताही कळतो.

नळ उघडल्यावर ठिणगीच पडत नसेल, तर प्रश्न पाण्याचा, मायक्रोस्विचचा, सेलचा किंवा तुटून राहिलेल्या कटऑफचा असतो. आपल्याकडे स्लॅबवर ठेवलेल्या सिंटेक्सच्या टाकीपासून शॉवरपर्यंतची उंची अनेकदा मीटर-दीड मीटरच भरते आणि तेवढ्या दाबाने डायफ्रॅम नीट सरकत नाही. टाकी गिझरपासून निदान दोन-अडीच मीटर उंच असावी. थंड पाणी आत येते त्या टोकाला एक बारीक जाळी असते. ती बोअरच्या रेतीने आणि क्षारांनी हमखास बुजते, म्हणून सगळ्यात आधी तीच काढून धुवावी. अंगणातला नळ कोणी उघडला की त्याच क्षणी गिझर विझत असेल, तर तेही पाण्याच्या दाबाचेच लक्षण समजावे.

ठिणगी पडते पण ज्योत पेटत नाही, अशा वेळी गॅस येत नाही किंवा व्हॉल्व्ह उघडत नाही. इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. सहा लिटरचा गिझर पूर्ण जाळावर तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो, जो स्वयंपाकाच्या शेगडीच्या एका बर्नरच्या कितीतरी पट आहे. थंडीच्या पहाटे जवळजवळ संपत आलेल्या सिलिंडरातून एवढा गॅस तितक्या वेगाने वाफ होऊन बाहेर पडू शकत नाही, कारण घरगुती गॅसमधला ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच उकळतो आणि सिलिंडरात द्रव कमी उरला की तो वाफ होताना अधिकच गारठतो. अशा सिलिंडरावर शेगडी व्यवस्थित चालते आणि गिझर मात्र कुरकुरतो, म्हणून घरचे लोक गिझरला दोष देतात. भरलेले सिलिंडर लावून एकदा पाहिल्याशिवाय व्हॉल्व्ह बदलायला घेऊ नये.

आता तुमची पहिली तक्रार पाहू: ज्योत पेटते आणि चार-पाच सेकंदांत विझते. पाणी आले, स्विच जुळला, ठिणगी पडली, गॅस आला, ज्योतही लागली, म्हणजे साखळीचा पहिला भाग ठीक आहे. विझण्याचे कारण बहुतेक वेळा असे असते की, ज्योत असूनही सर्किटला ती दिसत नाही. सेन्सरच्या काडीवर काजळी, धूळ किंवा भाजून तयार झालेला करडा थर बसला, की आधीच सूक्ष्म असलेला प्रवाह आणखी घटतो. रेग्युलेटर बंद करून, गिझर थंड झाल्यावर पुढचे आवरण काढावे आणि ती काडी बारीक स्टील वुलने हलक्या हाताने स्वच्छ करावी. जाड्याभरड्या पॉलिश पेपरने ती घासू नये, कारण त्याच्या ओरखड्यांत काजळी लवकर धरते. काडीचे टोक ज्योतीत येते का, तिच्या मुळाशी असलेल्या पांढऱ्या चिनीमातीला चीर गेली आहे का आणि तिची वायर सर्किटपाशी सैल झाली आहे का, हेही त्याच वेळी पाहावे. ज्योतीतला प्रवाह बर्नरच्या धातूतून सर्किटकडे परत जातो, म्हणून गिझरच्या सांगाड्याला जोडलेली अर्थची वायर गंजली असेल, तर काडी कितीही स्वच्छ असली तरी उपयोग होत नाही. खाऱ्या पाण्याच्या आणि ओलसर न्हाणीघराच्या घरांत हा गंज फार आढळतो, आणि तुमचा दोष रोज न येता काही दिवशीच येतो, त्यामुळे सैल किंवा गंजलेल्या जोडाची शक्यता मी वरच्या क्रमांकावर ठेवीन.

नवे सेल घातले म्हणजे वीज पुरेशी आहे, असेही गृहीत धरू नये. दुकानात वर्षभर पडून राहिलेले साधे सेल नवे म्हणूनच विकले जातात. गिझर बंद असताना मीटरवर ३ व्होल्ट दिसतात आणि सोलेनॉइडने प्रवाह ओढला की तेच २.५ च्या खाली येतात; मग व्हॉल्व्ह उघडतो, पण धरून राहत नाही. म्हणून वीजदाब नळ उघडलेला असताना मोजावा, अल्कलाइन सेल वापरावेत आणि सेलच्या डब्यातील स्प्रिंगवर हिरवट-पांढरी पूड जमली असेल तर ती खरवडून काढावी.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. गिझर आठ-दहा मिनिटे किंवा त्याहून जास्त चालतो, बंद पडतो आणि पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप बरा होतो. असे तीन कारणांनी घडू शकते: टायमर, तापलेला कटऑफ किंवा खोलीतली संपत आलेली हवा. तिन्हींमध्ये थोडे थांबल्यावर गिझर पुन्हा चालतो, म्हणूनच गोंधळ होतो. त्यांना वेगळे करण्याची रीत अशी आहे. बंद पडल्याबरोबर नळ बंद करून लगेच उघडावा. गिझर लागलीच पेटला, नीट चालत राहिला आणि आधीचा बंद होण्याचा क्षण सुरुवातीपासून सुमारे २० मिनिटांचा होता, तर तो टायमर आहे आणि दुरुस्तीची गरज नाही. लगेच उघडूनही ठिणगीसुद्धा पडली नाही आणि बंद पडण्यापूर्वी पाणी चटके बसण्याइतके गरम झाले होते, तर कटऑफ तुटला आहे. ठिणगी पडते, ज्योत लागते आणि लांबट, पिवळसर, बर्नरवरून वर उचललेली दिसून पुन्हा विझते, तर हवा कमी पडते आहे; प्राणवायू घटला की ज्योत बर्नर सोडून वर सरकते, सेन्सरच्या काडीपासून लांब जाते आणि सर्किट गॅस तोडते.

ही परीक्षा करताना आत कोणी अंघोळ करत नसावे, दार उघडे असावे आणि पाहणाऱ्याने बाहेर उभे राहून पाहावे. दुसऱ्या दिवशी दार आणि झरोका पूर्ण उघडे ठेवून तेवढाच वेळ गिझर बादल्यांत चालवावा. उघड्या खोलीत तो बंद पडलाच नाही, तर गिझरमध्ये दोष नसून खोलीत आहे. तरीही तितक्याच वेळाने बंद पडला आणि तो टायमर नसेल, तर उष्णतेचा दोष आहे.

हवेचा हिशेब एकदा मांडून दाखवतो, म्हणजे झरोका उघडा ठेवण्यावर मी एवढा भर का देतो हे कळेल. एक किलो गॅस नीट जळायला साधारण १२ ते १३ घनमीटर हवा लागते. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंचीच्या न्हाणीघरात सारी मिळून सुमारे ५.४ घनमीटर हवा मावते. पूर्ण जाळावर २० मिनिटे गिझर चालला, तर त्याला चार घनमीटरांहून अधिक हवा हवी, म्हणजे खोलीतल्या हवेचा तीन-चतुर्थांश भाग. प्रत्यक्षात तितकी हवा संपण्याच्या कितीतरी आधी ज्वलन अर्धवट होऊ लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. सिलिंडराच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास दिलेला असतो, तसा इशारा इथे मिळत नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पट घट्ट धरते. डोके दुखते, मळमळते, पायांतले बळ जाते, आणि माणूस दाराची कडी काढण्यापूर्वीच कोसळू शकतो. साध्या घरगुती गिझरमधील कोणताही स्विच हा वायू मोजत नाही. प्राणवायू घटल्यावर ज्योत विझणे एवढाच अप्रत्यक्ष आधार असतो, आणि तोही प्रत्येक मॉडेलात नसतो.

अमेरिका-कॅनडासारख्या थंड देशांत संपूर्ण घर तापवणाऱ्या गॅसभट्ट्या असतात, त्यांच्यातही अशीच साखळी असते. पण तिथे आणखी एक कडी असते, जी आपल्या स्वस्त गिझरमध्ये नाही. जळालेला वायू छोट्या पंख्याने नळीवाटे घराबाहेर ओढला जातो, आणि तो ओढला जात आहे हे एका दाब-स्विचला पटल्याशिवाय गॅसचा व्हॉल्व्ह उघडतच नाही. ज्योत बर्नरच्या पेटीबाहेर आली तर तुटणारा वेगळा स्विचही तिथे असतो, आणि अनेक भट्ट्यांत तो कारण शोधून हातानेच पुन्हा जुळवावा लागतो. आपल्याकडे जळालेला वायू थेट न्हाणीघरातच सुटतो, म्हणून त्या स्विचचे काम आपल्याला झरोक्याकडून आणि गिझर कुठे बसवतो यातून करून घ्यावे लागते.

आता कटऑफविषयी. मिस्त्री ज्या दोन वायरी जोडू म्हणतात, त्या सेन्सरच्या नसून बहुधा याच कटऑफच्या असतात, कारण सेन्सरला वायर जोडून फसवणे बऱ्याचशा सर्किटांत चालत नाही. त्या सर्किटांना ज्योतीतून एकाच दिशेने जाणारा प्रवाह हवा असतो. कटऑफच्या वायरी जोडल्या की गिझर खरोखरच बंद पडत नाही, आणि म्हणून गिऱ्हाईक समाधानी होते. पण पाण्याचा प्रवाह मंदावला, तरी जाळ चालूच राहतो. पाणी उकळते, नळीचे जोड फुटतात, शॉवरमधून वाफ आणि कढत पाणी अंगावर येते. ६० अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडीही काही सेकंदांत भाजते, मग लेकरांचे काय होईल हे सांगायला नको.

कटऑफ खरेच खराब आहे, की तो आपले काम करतो आहे, हे वायरी न जोडताही तपासता येते. गिझर थंड असताना त्याच्या वायरी काढून मीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे जोड सलग आहे का ते तपासण्याच्या खुणेवर लावावा. बीप वाजला पाहिजे. थंड असूनही वाजत नसेल, तर कटऑफ गेला आहे आणि त्यावर छापलेल्या अंशांचाच नवा बसवावा. ८५ चा काढून ९५ चा बसवणे म्हणजे अर्धवट डायरेक्ट करणेच आहे. याहून चांगली चाचणी चालू स्थितीतली आहे: वायरी जागेवरच ठेवून, मीटर डीसी व्होल्टवर करून त्याच्या दोन टोकांना लावावा. स्विच जुळलेला असताना मीटर शून्याजवळ दाखवतो आणि तुटल्याच्या क्षणी सेलचा पूर्ण वीजदाब दाखवतो. गिझर विझतेवेळी मीटरने शून्यावरून ३ व्होल्टकडे उडी घेतली, तर तोडणारा कटऑफच आहे, यात शंका राहत नाही. मीटर शून्यावरच राहिला आणि तरी गिझर विझला, तर कटऑफला हात लावू नये.

कटऑफच तोडत असेल, तर पुढचा प्रश्न पाणी इतके का तापते हा आहे, आणि तुमच्या भागात त्याचे उत्तर मला आधीच क्षारांत दिसते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात बोअरचे पाणी कॉइलमध्ये तापले, की क्षार आतून थर धरतात. नळी अरुंद होते, प्रवाह घटतो आणि तेवढेच पाणी जास्त तापते. बादली भरायला पूर्वीपेक्षा बराच अधिक वेळ लागत असेल, तर हे नक्कीच झाले आहे. मिस्त्रीकडून गिझर उतरवून घ्यावा, एक लिटर पाण्यात ५० ते ६० ग्रॅम सायट्रिक अॅसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्व, विरघळवून ते गरम पाण्याच्या बाजूने कॉइलमध्ये भरावे, तास-दीड तास ठेवावे आणि भरपूर पाण्याने धुऊन काढावे. संडास धुण्याचे अॅसिड कॉइलमध्ये कधीही घालू नये. ते तांबे आणि डाखाचे जोड खाते. गॅसची खुंटी पूर्ण मोठी आणि पाण्याची अगदी बारीक ठेवून वर थंड पाणी मिसळण्याची सवय अनेक घरांत असते, ती मोडावी. जाळ मध्यम ठेवून पाण्याचा प्रवाह मोठा ठेवला, तर क्षारही कमी धरतात आणि कटऑफही विनाकारण तुटत नाही.

गॅसच्या जोडांना हात लावला असेल, तर रेग्युलेटर उघडल्यावर प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. आगकाडी ओढून पाहू नये. गॅसचा वास आला, तर विजेचे बटण दाबू नये, रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर यावे आणि १९०६ या गॅस-गळतीच्या क्रमांकावर फोन करावा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणून वरचा झरोका पुरेसा नसून दाराच्या खालच्या बाजूलाही हवेला वाट हवी. गिझरमुळे कोणी बेशुद्ध झालेले आढळले, तर आधी त्याला मोकळ्या हवेत ओढून आणावे आणि लगेच १०८ ला बोलवावे.

तुमच्यासाठी कामाचा क्रम मी असा लावीन. पोते काढून, दार उघडे ठेवून वर सांगितलेली परीक्षा करा. त्यानंतर जाळी धुवा, सेन्सरची काडी आणि अर्थची वायर साफ करून घ्या, आणि मीटरने कटऑफ तपासायला मिस्त्रींना सांगा. ते ऐकत नसतील, तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा माणूस बोलवा. गिझर घेतानाच्या कागदांवर आयएस १५५५८ हे मानक लिहिलेले आहे का, तेही पाहून ठेवा. उन्हाळ्यापूर्वी गिझर न्हाणीघरातून काढून मागच्या ओसरीत, बाहेरच्या भिंतीवर बसवून घ्या आणि फक्त गरम पाण्याची नळी आत आणा. ओसरीत वाऱ्याने ज्योत विझू लागली, तर दोन्ही बाजूंना पत्र्याचा आडोसा करावा. मात्र गिझरची वरची आणि खालची बाजू उघडीच राहिली पाहिजे, आणि आडोसा त्याच्या अंगाला चिकटलेला नसावा. सिलिंडरही तिथेच, उभे आणि उन्हापासून आडोशाला ठेवावे, आणि गॅसची नळी पाच वर्षांपेक्षा जुनी असेल तर त्याच वेळी बदलून घ्यावी.